ताप कितव्या दिवसाचा? डेंग्यू आणि रक्तस्रावी तापाच्या निदानात या चुका टाळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत निघते, 'रोगराई, इडा-पिडा घेऊन जा गे मारबत' असा गलका होतो आणि त्याच दिवसांत तापाच्या रुग्णांची रांग ओपीडीतून व्हरांड्यात येते. आपल्या ग्रामीण रुग्णालयात पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) नाही, एलायझा (प्रयोगशाळेतली खात्रीची रक्ततपासणी) नाही; रक्तपेशी मोजणारा सेल काउंटर आहे, तोही लाइट असेल तेव्हा. तरी निदान चुकतं ते बहुतेकदा यंत्राअभावी नाही. ताप नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला हे कुणी नीट विचारलेलं नसतं.

"झाले जी दोन-तीन दिवस" हे उत्तर केसपेपरवर उतरवू नका. "सोमवारी बाजारात गेली होती तवा अंग तापत होतं का, मावशी?" असं विचारा. वार सापडतो, आणि दोनाचे पाच दिवस निघतात.

एनएस१ निगेटिव्ह, म्हणून डेंग्यू नाही

एनएस१, म्हणजे डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन, कार्डवरच्या तपासणीत साधारण पहिल्या पाच दिवसांत सापडतं. सहाव्या दिवशी तेच कार्ड लावून 'डेंग्यू नाही' लिहिणं म्हणजे गाडी सुटल्यावर फलाटावर प्रवासी शोधणं. पाच दिवसांनंतर आयजीएम (विषाणूविरुद्ध शरीरात तयार होणारं प्रतिपिंड) बघायचं. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्यांत एनएस१ आणखी लवकर नाहीसं होतं आणि आयजीएमही कमी भरू शकतं. उलट बाजूही आहे: आयजीएम दोन-तीन महिने टिकतं, त्यामुळे आजची पॉझिटिव्ह रेघ मागच्या तापाचीही असू शकते. कार्ड ठरलेल्या मिनिटांनंतर वाचू नका, आणि खात्रीसाठी नमुना एलायझाला पाठवा.

ताप उतरला, सुट्टी दिली

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो आणि नेमकी तेव्हाच रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) गळायला लागतो. घरचे म्हणतात, "आता बरा हाय, नेतो जी." तेव्हा पोट दाबून बघा, उलट्या थांबल्या का विचारा, हिरड्या बघा. रुग्ण मलूल किंवा अस्वस्थ असेल तर थांबवा. वरच्या आणि खालच्या बीपीतला फरक 20 किंवा त्याखाली आला असेल तर वरचा आकडा 100 दिसला तरी तो शॉकच आहे.

सगळं लक्ष प्लेटलेटवर

नातेवाइकांचा पहिला प्रश्न प्लेटलेटचा, आणि हळूहळू तो डॉक्टरचाही होतो. पण गळती कळते हिमॅटोक्रिटवरून, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के आहे त्यावरून. तिथेही एक खास आपल्याकडचा सापळा आहे. आपल्या बायाबापड्यांचं हिमोग्लोबिन मुळातच दहाच्या आसपास, म्हणजे हिमॅटोक्रिट 30. ते 36 झालं तर रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून येतं. प्रत्यक्षात ती 20 टक्के वाढ असते. म्हणून पहिल्याच भेटीला आकडा लिहून ठेवा, पुढचा त्याच्याशी ताडा. मशीन नसेल तर हिमोग्लोबिन गुणिले तीन चालतं, पण सिकलसेलच्या रुग्णात या हिशोबावर विसंबू नका, आणि विदर्भात ते रुग्ण कमी नाहीत.

प्लेटलेट 18 हजार आणि रुग्ण मजेत चहा पितोय, असं दिसलं तर आधी स्लाइड बघा. ईडीटीएच्या (रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या रसायनाच्या) नळीत कधीकधी प्लेटलेटचे गठ्ठे होतात आणि मशीन ते मोजत नाही. (पपईच्या पानांवर वाद घालण्यात वेळ घालवू नका, रक्तस्रावाचा धोका वाढवणारं डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन कुणी दिलं का, ते आधी विचारा.)

डेंग्यूच्या मोसमात सगळं डेंग्यूच

गडचिरोलीहून कामावरून परतलेल्या माणसाला फॅल्सिपॅरम हा गंभीर प्रकारचा मलेरिया असू शकतो. 2018 मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसची (बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची) मोठी लाट आली होती. काख, जांघ, स्तनाखाली त्या चाव्याची काळी खपली शोधल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. भातशेतीतला लेप्टोही (उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) आहेच. या तिघांवर औषध आहे, म्हणून ते आधी वगळा. स्क्रबचा संशय दाट असेल तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू करा.

गोचिडाचा प्रश्न न विचारणं

बैल धुणारे, बकरे कापणारे, गोठ्यात झोपणारे यांना गोचीड चावला का, किंवा जनावराचं रक्त अंगावर आलं का, हे विचारा. क्रायमियन-काँगो हा गोचिडातून आणि जनावराच्या रक्तातून पसरणारा रक्तस्रावी ताप भारतात पहिल्यांदा जानेवारी 2011 मध्ये गुजरातेत साणंदजवळ निश्चित झाला. रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही त्यात दगावले. संशय आला की रुग्ण वेगळा ठेवा, हातमोजे-गाऊन-मास्क घाला, आणि 'बघू तर' म्हणून रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजला (वेगाने फिरवणाऱ्या यंत्राला) लावू नका. जिल्हा सर्वेक्षण पथकाला फोन करा. नमुना तिहेरी वेष्टनात, थंड साखळीत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे जातो.

रक्तस्राव दिसेपर्यंत थांबू नका. 2014 च्या पश्चिम आफ्रिकेतल्या इबोला साथीतही बहुतेकांना तो झालाच नव्हता. आणि तिथेही दिवसाचाच घोळ होता: लक्षणं सुरू झाल्यापासून 72 तासांच्या आत घेतलेला नमुना पीसीआरला निगेटिव्ह येऊ शकतो, तेव्हा तो पुन्हा घ्यावा लागतो. नमुन्याच्या फॉर्मवर 'ताप सुरू झाल्याची तारीख' अशी एक जागा असते, ती बहुतेकदा कोरीच येते. कोणती तपासणी लावायची, हे लॅबवाले तिच्यावरून ठरवतात.