आपलं गाव नेमकं कुणाला मत देतं, हे आकड्यांवरून कसं काढायचं

निकालाच्या रात्री पारावर जे चालतं ते ऐकून गावाचा कल ठरवू नका, एवढंच आधी सांगतो. "आपलं गाव शंभर टक्के अमुक साहेबांचं" असं जो म्हणतो त्याला विचारा बाबा बूथवाईज आकडा काय, तो गप्प बसेल. आकडा मिळतो, फुकट मिळतो, फक्त थोडी मेहनत आहे.

लोकसभा-विधानसभेचा फॉर्म २० शोधायचा. महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाईटवर मतदारसंघनिहाय पीडीएफ असतात, लोकसभेचाही विधानसभा मतदारसंघाप्रमाणे वेगळा असतो. त्यात प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मतं आणि नोटाला किती हे सगळं येतं. अडचण अशी की त्यात बऱ्याचदा नुसता केंद्राचा नंबर असतो, गावाचं नाव नसतं, म्हणून त्याच निवडणुकीची मतदान केंद्रांची यादी शेजारी ठेवून नंबर जुळवायचा. त्याच निवडणुकीची हं, कारण नंबर बदलतात आणि मागच्या वेळचा तुमचा १४२ नंबर या वेळी शेजारच्या गावचा असू शकतो. पोस्टल मतं या केंद्रांच्या आकड्यात धरलेली नसतात.

आकडे वहीत उतरवले की टक्केवारी काढा आणि पूर्ण विधानसभा मतदारसंघाची टक्केवारी शेजारी लिहा, हे लोक करतच नाहीत आणि सगळी गंमत तिथंच आहे. गावात एखाद्याला ५८ टक्के पडली आणि अख्ख्या मतदारसंघात ५७, तर ती हवा होती, गावाचं त्यात वेगळं काही नाही. तेच मतदारसंघात ४० असतील आणि गावात ५८, तर मग कारण शोधायचं, उमेदवाराची सासुरवाडी आहे का, कारखान्याचा संचालक गावातला आहे का, पाण्याचा प्रश्न कुणी सोडवला.

एका निवडणुकीवर थांबू नका. २०१९ ची लोकसभा, २०१९ ची विधानसभा, मग २०२४ च्या दोन्ही, असे चार रकाने पाडा. पण पक्षाच्या नावावर सरळ तुलना करू नका कारण २०२२ ला शिवसेना फुटली, २०२३ ला राष्ट्रवादी फुटली, म्हणून रकान्यात पक्षासोबत उमेदवार आणि त्याच्यामागचा स्थानिक नेता पण लिहा. २०२४ ला मे-जूनमध्ये महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा आणि नोव्हेंबरमध्ये त्याच राज्यात महायुती २३० च्या आसपास, मधल्या काळात लाडकी बहीणचे दीड हजार सुरू झाले. तुमच्या गावात तो फरक किती पडला ते बघा, काही गावं अजिबात हलली नाहीत.

चिन्हाचा घोळ पण लक्षात ठेवा. दिंडोरीत २०२४ ला कांद्याचा राग होताच, निर्यातबंदीने शेतकरी पेटलेला, पण तिथं शरद पवारांच्या पक्षाचे उमेदवार भास्कर भगरे होते आणि भगरे आडनावाच्याच दुसऱ्या एका अपक्षाला तुतारी चिन्ह मिळालं आणि त्याला लाखावर मतं पडली, तर पवारांच्या पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. आता ती सगळी मतं त्या अपक्षाचा कल म्हणून लिहिली तर चुकणारच.

ग्रामपंचायत मात्र वेगळ्या वहीत. ती पक्षाच्या चिन्हावर होतच नाही, पॅनेलवर होते, आणि पॅनेल म्हणजे भावकी, सोसायटीचं राजकारण, दूध डेअरी, जुनं बांधाचं भांडण. एकाच पक्षाचे दोन गट समोरासमोर असतात आणि निकालानंतर दोघंही एकाच आमदाराचा सत्कार घ्यायला जातात. सरपंच कुठल्या पक्षाचा यावरून गावाचा कल सांगणाऱ्या बातम्या म्हणूनच मला पटत नाहीत. झेडपी आणि पंचायत समितीला चिन्ह असतं, ते आकडे जास्त कामाचे.

मग माणसांकडे जा. बूथ एजंटला विचारा बाहेरगावची किती मतं आली, पुण्या-मुंबईहून गाड्या कुणी पाठवल्या, ऊसतोडीला गेलेले परत आले का. नोव्हेंबरचं मतदान आणि मेचं मतदान यात ऊसतोडीच्या गावात हा फरक मोठा असतो, टक्का घसरला म्हणजे लोक नाराज असं लगेच समजू नका, लोक गावातच नसतात.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. वाडीचा किंवा वस्तीचा बूथ वेगळा असेल तर कुणी मत दिलं नाही ते आकड्यावरून उघड दिसतं आणि मग त्या वस्तीचा रस्ता अडतो, टँकर उशिरा येतो. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणीआधी त्या मिसळायची सोय होती, ईव्हीएममुळे ती गेली. १४ केंद्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर मशीन आणा असं निवडणूक आयोगाने २००८ लाच सुचवलं, २०१५ ला विधी आयोगानेही तेच म्हटलं, ते अजून आलेलं नाही. म्हणून तुम्ही काढलेला तक्ता व्हॉट्सअपच्या गावच्या ग्रुपवर टाकणार असाल तर गावातले सगळे बूथ बेरीज करून एकच आकडा टाका, वस्तीचा आकडा आपल्या वहीत राहू द्या आणि ती वही कुठल्याच पुढाऱ्याच्या हातात देऊ नका.