‘बॉल बघू दे की’: अमेरिकेत सॉकरची कॉमेंट्री करताना

ओहायोतल्या विद्यापीठात पहिल्याच आठवड्यात मला जे काम मिळालं, ते केबल गुंडाळायचं. २०१८चा ऑगस्ट होता. ऍथलेटिक्स विभागाला मॅचच्या प्रक्षेपणासाठी विद्यार्थी हवे होते आणि तासावर पैसे मिळणार होते. केबल गुंडाळायचीही एक रीत असते, एक वेढा सुलटा आणि पुढचा उलटा, नाहीतर पुढच्या मॅचला ती पीळ खाते आणि कॅमेरावाला तुमचा उद्धार करतो. हे मी तीन आठवडे केलं. चौथ्या आठवड्यात मुलींच्या सॉकर, म्हणजे आपल्या फुटबॉलच्या, मॅचला नेहमीचा कॉमेंटेटर आजारी पडला. प्रोड्यूसरने प्रक्षेपणाच्या गाडीतून डोकं बाहेर काढून विचारलं, ‘तू बाहेरच्या देशातला आहेस ना? मग सॉकर कळत असेल.’

कळत होतं. पण त्याने गृहीत धरलं तसं नाही. माझं फुटबॉल कोल्हापूरचं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असली की आमच्या घरी दुपारचं जेवण लवकर उरकायचं. बाबा स्वतः पेठेच्या संघातून खेळलेले. तेव्हा खेळ माहीत होता, माइक माहीत नव्हता.

हे लिहितोय ते शिकायला अमेरिकेत येणाऱ्या आणि कॅम्पसवर कॉमेंट्रीचं काम मिळतंय का बघणाऱ्या मुलामुलींसाठी. मिळतं. ईएसपीएन प्लस ही ऑनलाइन सेवा २०१८ साली सुरू झाली आणि कितीतरी कॉलेजांच्या मॅचेस तिथे दिसू लागल्या. कॅमेरा, रिप्ले, ग्राफिक्स यातलं बरंचसं काम विद्यार्थीच करतात. अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलचा माइक मिळवायला रांग असते, सॉकरच्या माइकपाशी सहसा कोणी नसतं. शिरायचं तर इथूनच.

आता माझी पहिली मॅच. आदल्या रात्री मी दोन्ही संघांची इतकी माहिती गोळा केली की परीक्षेला बसलो असतो. सतराव्या मिनिटाला एका मिडफिल्डरच्या गावाबद्दल सांगत होतो, तिच्या आजोबांचं तिथे हार्डवेअरचं दुकान होतं वगैरे. वाक्य दुकानाच्या दारापर्यंत पोचलं आणि डाव्या बगलेतून क्रॉस आला, हेडर, गोल. माझ्या तोंडून निघालं, ‘...अँड द स्टोअर... ओह, गोल!’ कानात प्रोड्यूसर काहीच बोलला नाही. ते जास्त लागलं.

ओहायोत संध्याकाळचे सात म्हणजे कोल्हापुरात पहाटेचे साडेचार. मॅच बघायला बाबा उठून बसले होते. दुसऱ्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाले, ‘लई बोलतोस की रं. बॉल बघू दे की.’

त्यानंतर मी अमेरिकन टीव्हीवरचं सॉकर कान देऊन ऐकायला लागलो, आणि लक्षात आलं की माझी चूक ही या देशाची जुनीच चूक आहे. इथल्या कॉमेंट्रीला नावं ठेवणारे बहुतेक लोक शब्दांवर घसरतात. पेनल्टीला ‘पीके’ म्हणतात, जादा वेळेला ‘ओव्हरटाइम’ म्हणतात, बुटांना ‘क्लीट्स’ म्हणतात, असं. मला त्यात काही वावगं वाटत नाही. सॉकर हा शब्दसुद्धा इंग्लंडचाच, ‘असोसिएशन’ला तिथल्या कॉलेजातल्या पोरांनी लावलेलं लाडाचं शेपूट. खरा घोळ वेळेचा आहे. बेसबॉलमध्ये दोन चेंडूंच्या मधे निवांत जागा असते. अमेरिकन फुटबॉलमध्ये एक डाव संपला की पुढचा सुरू करायला ४० सेकंद मिळतात. तिथला कॉमेंटेटर त्या फटीत गोष्ट बसवायला शिकतो, आकडे बसवायला शिकतो, आणि उत्तम बसवतो. सॉकरमध्ये फट नाही. तो मात्र सवयीने फट शोधत राहतो, आणि सापडली नाही की चालू खेळावरच गोष्ट ओततो.

टीव्ही कंपन्यांनाही हे पचायला वेळ लागला. १९९० च्या विश्वचषकाला टीएनटी ही वाहिनी चालू खेळात जाहिराती दाखवत होती. १९९४ ला स्पर्धा अमेरिकेतच भरली तेव्हा कुठे जाहिरातदाराचं नाव घड्याळाशेजारी चिकटवून खेळ सलग दाखवायची युक्ती निघाली. २००६ च्या विश्वचषकाला एबीसी-ईएसपीएनने मुख्य माइक डेव्ह ओब्रायनकडे दिला. माणूस बेसबॉलमधला मुरलेला, सॉकरमध्ये नवखा. त्याच्यावर बरीच टीका झाली. पण ती सगळी त्याच्या डोक्यावर फोडणं मला पटत नाही, त्याला तिथे बसवणारे दुसरेच होते. पुढे फॉक्सने हाच प्रयोग गस जॉन्सनवर केला. बास्केटबॉलमध्ये त्याचा आवाज चढला की अंगावर काटा येतो. सराव म्हणून तो सॅन होजेच्या संघाच्या मॅचेस रेडिओवर करत होता, २०१३ च्या फेब्रुवारीत त्याने रेआल माद्रिद-मँचेस्टर युनायटेड केली, आणि २०१४ मध्ये तो सॉकरमधून बाजूला झाला. मेहनत केली होती, हे विसरू नका. पण तो साध्या पासलाही शेवटच्या सेकंदाचा आवाज द्यायचा, आणि मग खऱ्या गोलला वर चढायला पायरीच उरायची नाही.

मधल्या काळात ईएसपीएनने उलट टोक गाठलं. २०१० च्या विश्वचषकाला मार्टिन टायलर, इयन डार्क, डेरेक रे, एड्रियन हीली अशी सगळी ब्रिटिश फळीच आणली. २३ जून २०१०, प्रिटोरिया, अमेरिका-अल्जेरिया, ९१वं मिनिट. हा तुकडा नवख्याने शंभरदा ऐकावा. गोलरक्षक टिम हॉवर्ड चेंडू लांब फेकतो, लँडन डोनोव्हन घेऊन पळतो, आल्टिडोर आत देतो, डेम्प्सीचा फटका अडतो, आणि सुटलेला चेंडू डोनोव्हन ढकलतो. डार्क या सगळ्या धावपळीत मोजकेच शब्द वापरतो. छोटे छोटे तुकडे, चेंडूच्या मागोमाग. गोल झाल्यावर मग ‘गो, गो, यूएसए’. ब्रिटिश माणूस अमेरिकेच्या बाजूने ओरडला, म्हणून अनेकांना ते आठवतं. मी सांगेन, त्याच्या आधीचे दहा सेकंद ऐका.

मग त्याच खेळाची स्पॅनिश कॉमेंट्री ऐका. अमेरिकेतल्या सॉकर कॉमेंट्रीबद्दल बोलताना लोक फक्त इंग्रजीबद्दल बोलतात, ही मला फार गमतीची गोष्ट वाटते. आंद्रेस कांतोर १९९० पासून इथल्या स्पॅनिश वाहिन्यांवर ‘गोऽऽऽल’ची ती लांबण लावतोय, आधी युनिव्हिजनवर, मग टेलेमुंडोवर. माझा मेक्सिकन रूममेट इंग्रजी वाहिनी लावूच द्यायचा नाही. पहिल्या महिन्यात मला स्पॅनिशचा एक शब्द कळत नव्हता, तरी डोळे मिटले तर चेंडू धोक्याच्या जागी आलाय हे कळायचं, कारण त्यांचा आवाज चेंडूबरोबर चढतो आणि चेंडूबरोबर उतरतो. कांतोरला समोरच्याला खेळ समजावून सांगायचा नसतो. ऐकणाऱ्याला तो माहीत आहे, हे तो धरूनच चालतो.

इंग्रजीवाल्यांची पंचाईत इथेच आहे. त्यांच्यासमोर दोन माणसं एकाच सोफ्यावर बसलेली असतात. एक पहाटे उठून प्रीमियर लीग बघणारा, त्याला ऑफसाइड समजावलं की तो चिडतो. दुसरी त्याची मावशी, तिला समजावलं नाही तर ती उठून जाते. कॉमेंटेटर दोघांशी एकदम बोलायला जातो आणि दोघांनाही गमावतो. एनबीसीने २०१३ ला प्रीमियर लीग घेतली तेव्हा सरळ ठरवून टाकलेलं दिसतं की पहिल्याशीच बोलायचं. आर्लो व्हाइटचा माइक, रेबेका लोचा स्टुडिओ, फार शिकवाशिकवी नाही. अमेरिकन टीव्हीवर सॉकर चांगलं दिसू-ऐकू लागलं त्यात याचा मोठा वाटा आहे असं माझं मत. (व्हाइटनंतर २०२२ पासून तिथे पीटर ड्रुरी आहे. आपल्याकडे तो वर्ल्ड फीडवर, म्हणजे जगभर जाणाऱ्या प्रक्षेपणावर, कित्येक वर्षं ऐकलेला, त्यामुळे भारतीय मुलं त्याच्यावर फिदा. मला त्याची उपमांची आतषबाजी रोज सोसत नाही. सणासुदीला ठीक.)

आणि अस्सल अमेरिकन आवाजात चांगली कॉमेंट्री होतच नाही, हेही खरं नाही. जेपी डेलाकमेरा ऐका. १९९९ च्या महिला विश्वचषकाची अंतिम मॅच, पॅसाडीनाचं रोझ बोल, ९०,१८५ माणसं, पेनल्टीवर निकाल, ती त्याने केली होती. अलीकडचा जॉन स्ट्राँगही तयार माणूस आहे. दोघेही सॉकरमध्ये मुरलेले, उसने आणलेले नाहीत.

तर मी काय बदललं?

पहिलं, गोष्टींना जागा नेमून दिली. गोष्ट फक्त गोलकिकला, खेळाडू जखमी होऊन पडला तर, किंवा बदली खेळाडू आत येत असताना. आणि तीही दोन वाक्यांची. आजोबांचं दुकान तिसऱ्या वाक्यात येत असेल तर दुकान बंद.

दुसरं, घड्याळ. हे कोणी आधी सांगत नाही. आमच्या वेळी कॉलेज सॉकरचं घड्याळ ४५ पासून शून्याकडे उलटं चालायचं, भरपाईचा वेळ नसायचा, रेफरीने हात केला की घड्याळच थांबायचं. पडद्यावर १३:२० दिसतंय, म्हणजे झालेलं मिनिट बत्तिसावं. बोलता बोलता ही वजाबाकी करायची म्हणजे दुकानदाराचं डोकं लागतं. मी एक पट्टी लिहून माइकला चिकटवली होती. शेवटची दहा सेकंदं मैदानावरचा निवेदक मोठ्याने उलटी मोजतो, तेव्हा आपण तोंड मिटायचं. एमएलएसनेही, म्हणजे इथल्या व्यावसायिक सॉकर लीगनेही, पहिली काही वर्षं, १९९९ पर्यंत, असलंच उलटं घड्याळ वापरलं होतं आणि मग सोडून दिलं. शिवाय आमच्या वेळी कॉलेज सॉकरमध्ये जादा वेळेत गोल्डन गोल होता, पडला गोल की मॅच संपली. एकदा मी ‘आता दुसऱ्या बाजूला उत्तर द्यावं लागेल’ असं म्हणून मोकळा झालो. उत्तर देणारे हस्तांदोलन करून बसकडे निघाले होते.

तिसरी गोष्ट नावांची, आणि इथे आपण मराठी लोक राजे आहोत. कॉलेजच्या संघांत जर्मन, ब्राझिलियन, आइसलँडिक, घानाचे, सगळीकडचे खेळाडू असतात. प्रत्येक संघाचा एक माहिती अधिकारी असतो, तो उच्चारांचा कागद पाठवतो, पण इंग्रजीत लिहिलेला उच्चार म्हणजे पुन्हा कोडंच. मी वॉर्मअपच्या वेळी खाली जाऊन खेळाडूलाच विचारायचो आणि माझ्या स्पॉटिंग बोर्डवर नाव देवनागरीत लिहायचो. स्पॉटिंग बोर्ड म्हणजे पुठ्ठ्यावर मांडलेला संघ, नंबर मोठा, नाव त्याखाली, जो ज्या जागी खेळतो त्या जागी. एका ब्राझिलियन बॅकचं नाव लिहिलेलं बघून माझे सहकारी ‘जोआओ’ म्हणायचे. वर्गातल्या मडगावच्या मैत्रिणीने एका फटक्यात सांगितलं, ‘अरे, आमचा जुआंवच तो.’ मी अनुनासिकावर टिंब दिलं आणि खेळाडूला ऐकवलं. तो हसला आणि पाठीवर थाप मारून गेला. पुढच्या मॅचपासून पाहुण्या संघाचे लोक मलाच विचारायला यायचे की हे काय लिपीत लिहितोस.

आपल्या उच्चाराची भीती बाळगू नका. सॉकरमध्ये अमेरिकन प्रेक्षकाला परक्या उच्चाराची सवय आहे, उलट तो जरा जास्तच विश्वास ठेवतो. मला माइक मिळाला तो याच चुकीच्या समजुतीमुळे. मात्र ब्रिटिश आवाज काढायला जाऊ नका. मी एक मॅच तसा प्रयत्न केला, ते रेकॉर्डिंग कोणाला दाखवणार नाही. वेग कमी ठेवा आणि वाक्याचा शेवट गिळू नका, एवढं पुरतं. आणि माइकशेजारी कफ बटण असतं, ते दाबून ठेवलं की आवाज बाहेर जात नाही. खोकायला आहे. सहकाऱ्यावर चरफडायलाही चालतं, पण आधी ते दाबलंय याची खात्री करा.

व्हिसाचं रामायण थोडक्यात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. गावातल्या क्लबने ‘ये आमची मॅच कर, पैसे देतो’ म्हटलं तर मोह होतो, पण ते कॅम्पसबाहेरचं काम. परवानगीशिवाय घेऊ नका. फुकटात करतो म्हणालात तरी आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात विचारा.

यातून पुढे पोट भरतं का? सांगणं अवघड. २०२३ पासून एमएलएस ऍपलच्या ऑनलाइन सेवेवर गेली आणि क्लबांची आपापली स्थानिक टीव्ही प्रक्षेपणं बंद झाली, म्हणजे गावोगावच्या कॉमेंटेटरांच्या खुर्च्या गेल्या. मी स्वतः आता आकडेवारीच्या कामात आहे, माइक सुटला. पण २०१९ चा पूर्ण हंगाम केला. शेवटच्या घरच्या मॅचनंतर बाबांना विचारलं, कशी झाली? म्हणाले, ‘दोन नंबरचा बॅक सारखा वर जातोय, त्याला कोण सांगत नाही काय?’ कॉमेंट्रीबद्दल चकार शब्द नाही. मी समजायचं ते समजलो.

जायचं असेल तर जुलैतच ईमेल टाका, कारण मॅचेस ऑगस्ट संपता संपता सुरू होतात आणि तोवर याद्या लागलेल्या असतात. माइक मागू नका, काम मागा, मग ते केबलचं असलं तरी. सोबत जाड जाकीट ठेवा, नोव्हेंबरात प्रेस बॉक्सच्या काचा उघड्या ठेवाव्या लागतात, मैदानाचा आवाज यायला हवा म्हणून. आणि स्पॉटिंग बोर्ड पेन्सिलने लिहा. शाईपेनने लिहिलेली माझी एक अख्खी बचावफळी ऑक्टोबरच्या पावसात वाहून गेली होती, आणि उरलेला हाफ मी नंबरांवर काढला.