टेकडीवरची सुबाभूळ सगळी एकाच आईची लेकरं आहेत का, हे कसं तपासायचं

बॉटनीच्या प्रोजेक्टसाठी किंवा टेकडीवर पसरलेली सुबाभूळ काढणाऱ्या ग्रुपसाठी कुणाला हे करायचं असेल तर लिहितोय, कारण मी सुरुवातीला बऱ्याच चुका केल्यात आणि त्या तुम्ही परत करू नयेत असं मनापासून वाटतं.

आधी थोडा इतिहास डोक्यात पक्का बसवा. सुबाभूळ मूळची मेक्सिकोकडची, आणि आपल्याकडे ती दोन रूपांत दिसते. एक बुटकी, झुडपासारखी, जी स्पॅनिश जहाजांतून अकापुल्कोहून मनिलाला गेली आणि पुढे आशियाभर पसरली. दुसरी उंच, हवाईयन जायंट म्हणतात ती, चारा आणि सरपणासाठी १९७० च्या दशकात आली आणि उरळीकांचनच्या बाएफ या ग्रामविकास संस्थेनं तिचा भरपूर प्रसार केला. दोन्ही वेळा मूळ बियाणं थोडंच, त्यात हे झाड स्वतःच्याच परागावर शेंगा धरतं, म्हणजे एका झाडाच्या बियांनी अख्खा उतार भरू शकतो. सगळं एकसारखं असलं की काय होतं ते सायलिड किडीनं दाखवलं, ही बारीक रस शोषणारी कीड १९८४ मध्ये हवाईत आणि १९८८ मध्ये भारतात पोचली आणि झाडांचे कोवळे शेंडेच्या शेंडे खाऊन टाकले. तरी झाड संपलं नाही बरं का, त्यामुळे विविधता कमी म्हणजे झाड कमजोर असं समजून चालू नका.

आता काम. झाडं कशी निवडता यावरच सगळं ठरतं, लॅब नंतरची गोष्ट. निदान चार-पाच जागा घ्या आणि त्या वेगवेगळ्या प्रकारच्या असू द्या, टेकडी, नदीकाठ, रेल्वेलाइनची कडा, जुनी चाऱ्याची लागवड. प्रत्येक जागी २० ते ३० झाडं, आणि दोन झाडांत ४०-५० मीटर अंतर ठेवाच. मी पहिल्यांदा वाटेच्या कडेची जवळजवळची झाडं घेतली, शेंगा आईच्या खालीच पडतात त्यामुळे सगळी भावंडंच निघाली आणि महिन्याचं काम वाया गेलं. झाड बुटकं की उंच तेही लिहा, जीपीएस घ्या, फुलं-शेंगांचा फोटो काढा. वनखात्याची जमीन असेल तर आधी परवानगी.

पानं कोवळी घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत तशीच ठेवू नका, दोन दिवसांत काळी पडतात. कागदी पाकिटात घालून ते पाकीट सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या) डब्यात टाका, जेल पानांच्या दहापट तरी हवं आणि रंग बदलला की बदलायचं. नंबर पेन्सिलनं लिहा, पेनची शाई पुसली जाते.

डीएनए काढायला सीटॅब पद्धत चालते (सीटॅब नावाचं रसायन वापरून पानांतून डीएनए वेगळा करायचा), मग मायक्रोसॅटेलाइट मार्करवर पीसीआर, म्हणजे डीएनएतले झाडागणिक बदलू शकणारे छोटे तुकडे निवडून त्यांच्या भरपूर प्रती काढायच्या; जेलवर ते पट्ट्यांसारखे दिसतात, त्यांना बँड म्हणतात. १०-१२ चांगले मार्कर असले तर कॉलेज प्रोजेक्टला पुरे. दहातलं एक सॅम्पल दुसऱ्यांदा चालवा म्हणजे चूक किती होतेय ते कळतं.

खरी गोची पुढे आहे आणि बहुतेक जण इथेच फसतात. सुबाभूळ चतुर्गुणित आहे, म्हणजे गुणसूत्रांचे दोनाऐवजी चार संच, एकूण १०४ गुणसूत्रं, आणि ती दोन वेगळ्या जातींच्या संकरातून झालेली आहे. दोन्हीकडचे जीन तिच्यात कायमचे एकत्र राहतात, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या स्वतःवरच बी धरलेल्या झाडातसुद्धा एकाच मार्करवर दोन बँड दिसतात. आपण ते बघून म्हणतो वा, किती विविधता! पण शेजारच्या झाडातही तेच दोन बँड, त्याच्या शेजारीही तेच. म्हणून हेटरोझायगोसिटीचा (एका मार्करवर दोन वेगळी रूपं असण्याचं प्रमाण) नेहमीचा आकडा किंवा हार्डी-वाइनबर्ग हे दोन संचांच्या झाडांसाठीचं गणित इथे सरळ लावू नका. प्रत्येक बँड आहे की नाही असं १ आणि ० मध्ये लिहा, आणि झाडांमधला फरक मोजा. आर (R) या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉलिसॅट नावाचं पॅकेज अशाच झाडांसाठी आहे, ते शिकून घ्या, दोन दिवस जातील पण वर्थ आहे.

पहिला आकडा साधा काढा, १०० झाडांत वेगळे जीनोटाइप, म्हणजे सगळ्या मार्करवरचे बँडचे वेगवेगळे नमुने, किती. ते मूठभर निघाले तर एकाच बियाण्याची पिलावळ. मग गट पाडा आणि बघा, बुटकी आणि उंच वेगळ्या गटांत जातायत का. एखाद्या जागी दोन्हींचं मिश्रण असलेली झाडं सापडली तर तिकडे जास्त लक्ष द्या, कारण एकमेकांत मिसळून तिथे नवीन गुण तयार होऊ शकतात, माझ्या मते झाडं काढायची तर अशा जागांपासून सुरुवात करावी, शेंगा वाळून फुटायच्या आत.

आणि टेकडीवर सुबाभूळ तोडायचं काम ठरलं असेल तर त्याच्या आधीच्या रविवारी पानं गोळा करून या.