‘चालू आहे का?’ला काय उत्तर द्यायचं

मी जुने फिल्म कॅमेरे आणि लेन्स ऑनलाइन विकते. बाबा कॅमेरे दुरुस्त करायचे. त्यांचं टेबल, त्यांचे बारीक स्क्रूड्रायव्हर आणि थोडी त्यांची कुरकुर वारशात माझ्याकडे आली. बाबांचं गिऱ्हाईक समोर उभं असायचं. कॅमेरा हातात घेऊन वजन बघायचं, शटर दाबून कानाशी धरायचं, लेन्स उजेडाकडे करून डोळा बारीक करायचं आणि काय ते ठरवायचं. माझ्या गिऱ्हाइकाला यातलं काहीच करता येत नाही. त्याच्याकडे माझे आठ-दहा फोटो असतात आणि मेसेज टाकायला एक चौकोन. मग तो विचारणार नाही तर काय करणार?

हे मला कळायला दोन वर्षं लागली. तोवर प्रश्न आला की मला राग यायचा. ‘सगळं लिहिलंय ना वर, वाचायला काय होतं?’ असं एकदा खरंच टाइप करून पाठवलंसुद्धा. तो माणूस गेला तो गेलाच. नंतर मी माझी लिस्टिंग, म्हणजे विक्रीची जाहिरात, फोनवर उघडून बघितली, तर त्यानं विचारलं होतं ते बॅटरीचं वाक्य ‘आणखी वाचा’च्या खाली लपलेलं. संगणकावर लिहिताना ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं, त्याला दिसत नव्हतं. तेव्हापासून एक सवय लावून घेतली. लिस्टिंग टाकली की ती दुसऱ्याच्या फोनवर, गिऱ्हाइकाला दिसेल तशी एकदा बघायची. आणि एकच प्रश्न दोघांनी विचारला की त्याचं उत्तर वरच्या दोन ओळींत न्यायचं. तिसऱ्याची वाट बघायची नाही.

‘अजून आहे का?’

हा प्रश्न पुष्कळदा कुणी लिहिलेलाच नसतो. फेसबुक मार्केटप्लेसवर तो तयार असतो, बोट लागलं की गेला. त्यामुळे ‘हो’ एवढंच उत्तर दिलं तर समोरून पुढे काही येत नाही आणि आपण उगाच वाट बघत बसतो. मी लिहिते: ‘हो, आहे. शटर चांगला आहे, मीटर बंद आहे. तुम्ही आधी फिल्म वापरली आहे का?’ मुख्य दोष पहिल्याच मेसेजमध्ये सांगून टाकायचा आणि शेवटी एक सोपा प्रश्न. ज्याला मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा भाग, हवाच आहे तो तिथेच थांबतो, त्याचाही वेळ वाचतो आणि माझाही. जो पुढे बोलतो तो खरा. गप्प झालेल्याच्या मागे लागू नका. वस्तू विकली गेली की लिस्टिंग त्याच दिवशी काढा, म्हणजे निम्मे ‘आहे का’ आपोआप बंद होतात.

‘चालू आहे का?’

माझ्या धंद्यातला सगळ्यात महाग प्रश्न हाच. दिसायला तीन शब्दांचा असतो, म्हणून आपण एका शब्दात उत्तर देतो आणि तिथेच फसतो.

मी अशीच फसले. १९७२ साली आलेला कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री नावाचा कॅमेरा, चांगल्या अवस्थेतला. घेणाऱ्यानं विचारलं, ‘मीटर चालतो ना?’ मी दुकानातून आणलेला सेल घातला, कॅमेरा खिडकीकडे धरला, सुई हलली. ‘हो, एकदम मस्त,’ म्हणून कळवलं. तीन आठवड्यांनी त्याचा मेसेज आला, सोबत अख्ख्या रोलचे फोटो. सगळे काळपट. चूक माझीच होती. तो कॅमेरा पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलसाठी बनवलेला. पाऱ्यामुळे ते सेल कधीच बंद झाले. आज त्याच मापाचा अल्कलाइन सेल मिळतो तो १.५ व्होल्टचा. जास्तीच्या व्होल्टेजमुळे मीटरला आहे त्यापेक्षा जास्त उजेड वाटतो, तो कॅमेऱ्याला कमी उजेड आत घ्यायला लावतो आणि फोटो अंधारे येतात. सुई हलते ती हलतेच, पण चुकीच्या जागी थांबते. मी ‘हलते’ हे बघितलं होतं आणि ‘बरोबर आहे’ असं सांगितलं होतं. कॅमेरा परत आला, दोन्ही बाजूंचं कुरिअर माझ्या खिशातून गेलं. बाबा असते तर त्यांनी फक्त चष्म्यावरून बघितलं असतं.

आता मी ‘चालू आहे’ हे शब्द वापरतच नाही. काय तपासलं, कशानं तपासलं आणि काय तपासता आलं नाही, हे तिन्ही सांगते. परवा एका पेंटॅक्स के१००० कॅमेऱ्यासाठी पाठवलेलं उत्तर जसंच्या तसं देते:

‘शटर सगळ्या स्पीडना उघडतो-मिटतो. एक सेकंदाचा स्पीड घड्याळाशी जुळतो. १/१००० मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, त्यामुळे त्याची खात्री देत नाही. मीटर नव्या सेलवर तपासला, फोनवरच्या मीटरपेक्षा साधारण अर्धा स्टॉप (उजेडाचं माप) कमी दाखवतो. एक रोल काढून बघितला, त्यातले चार फोटो सोबत. मागच्या दाराचा फोम चिकट झालाय, तो बदलावा लागेल. कॅमेऱ्याला मीटरचं बटण नाही, न वापरताना लेन्सवर झाकण ठेवा, नाहीतर सेल संपतो.’

यातल्या ‘खात्री देत नाही’ या शब्दांची मला आधी फार भीती वाटायची. वाटायचं, गिऱ्हाईक पळेल. उलटंच होतं. एका ठिकाणी आपण ‘माहीत नाही’ म्हटलं की बाकी ठिकाणचं ‘माहीत आहे’ त्याला खरं वाटायला लागतं. तुम्ही शिवणयंत्र विकत असाल, सायकल विकत असाल, तरी हे असंच करा. ‘चालते’ म्हणू नका. ‘काल दहा किलोमीटर चालवली, तिसरा गिअर अडकतो’ म्हणा.

‘फंगस आहे का?’

जुन्या लेन्समध्ये बुरशी धरते, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. या प्रश्नाला शब्दांत उत्तर देऊच नये. ‘थोडीशी’ म्हणजे माझ्या मते कडेला एक धागा, तुमच्या मते काय, कुणास ठाऊक. फोटो पाठवायचा. लेन्सचं तोंड पूर्ण उघडायचं, मागून टॉर्च मारायचा आणि समोरून जरा तिरकं बघत फोटो काढायचा. सरळ काढला तर नुसता पांढरा गोळा येतो.

पण इथे एक गंमत आहे. टॉर्चखाली चांगल्यातली चांगली लेन्ससुद्धा भयंकर दिसते. धुळीचा प्रत्येक कण ताऱ्यासारखा चमकतो आणि नवीन माणूस घाबरतो. म्हणून त्याच लेन्सचा साध्या खिडकीच्या उजेडातला एक फोटो आणि तिनं काढलेला एक फोटो, असे तिन्ही एकत्र पाठवते. ‘पहिल्यात दिसते ती धूळ, दुसऱ्यात दिसते ती कडेची बुरशी’ असं बोट ठेवून सांगते. ‘नव्यासारखी’, ‘अप्रतिम’, ‘जपून वापरलेली’ हे शब्द मी लिस्टिंगमधून काढून टाकलेत. त्यांच्यामुळे प्रश्न कमी होत नाहीत, वाढतात. दुधानं तोंड पोळलेली माणसं असतात ही, ताकही फुंकून पिणार. त्यांना विशेषणं ऐकून चिडायला होतं.

दोष सांगितला की वस्तू विकली जात नाही, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ईबेचीच गोष्ट. १९९५ साली पियर ओमिडियार यांनी ती साइट सुरू केली तेव्हा तिचं नाव ऑक्शनवेब होतं. त्यावर पहिली विकली गेलेली वस्तू म्हणजे त्यांचा स्वतःचा बिघडलेला लेझर पॉइंटर. तो मोडका आहे हे कळलंय ना, असं त्यांनी घेणाऱ्याला उलट विचारलं. तो म्हणाला, मी मोडके लेझर पॉइंटरच गोळा करतो. मोडक्यालाही गिऱ्हाईक असतं, फक्त ते मोडकं आहे हे त्याला आधी कळायला हवं. माझे बंद पडलेले कॅमेरे ‘सुट्या भागांसाठी’ असं मथळ्यातच लिहिल्यावर चांगल्या कॅमेऱ्यांच्या आधी जातात.

‘माझ्या कॅमेऱ्यावर बसेल का?’

याला कधीही घाईनं ‘हो’ म्हणू नका. विचारणारा म्हणतो, ‘माझ्याकडे कॅनन आहे.’ पण कॅनन म्हणजे कुठला? १९७१ चा एफडी माउंट (लेन्स बसायची जागा) वेगळा, १९८७ चा ईएफ वेगळा. एफडी लेन्स ईएफ बॉडीवर थेट बसत नाही. नुसती कडी लावून बसवली तरी लांबचं फोकस होत नाही, कारण एफडीला लेन्सची बैठक फिल्मपासून ४२ मिलिमीटरवर लागते आणि ईएफमध्ये ती ४४ वर आहे. हीच लेन्स नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर मात्र साध्या अडॅप्टरनं छान चालते. निकॉनचं आणखी वेगळं. एफ माउंट १९५९ पासूनचा, पण १९७७ च्या आधीची, बदल न केलेली लेन्स काही नंतरच्या बॉडींवर जोर करून बसवली तर बॉडीचा छोटा खटका मोडू शकतो.

हे सगळं मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. मी फक्त म्हणते, ‘कॅमेऱ्याची लेन्स काढा आणि ते गोल तोंड आहे त्याचा फोटो पाठवा. मॉडेलचं नाव दिसेल असा एक वरून काढा.’ दोन मिनिटांचं काम. पुष्कळांना आपल्याकडे काय आहे तेच माहीत नसतं, आणि ते कबूल करायला लाज वाटते. फोटो मागितला की लाज राखली जाते. आणि बसत नसेल तर स्पष्ट ‘घेऊ नका’ म्हणते. असं सांगितलेले तिघं-चौघं नंतर दुसरं काहीतरी घ्यायला परत आलेत.

‘शेवटचं किती?’

यावर फार लिहिण्यासारखं नाही. लिस्टिंग टाकायच्या आधी सगळ्यात खालचा आकडा वहीत लिहून ठेवा, कारण रात्री अकराला दमलेलं असताना आपण काहीही कबूल करतो. एकदा आकडा सांगा, एकदा उतरा, मग थांबा. किंमत का आहे याचं पुराण लावू नका, प्रत्येक कारणावर घासाघीस होते. आणि ‘दुसरा एक तयार आहे’ अशी थाप मारू नका. दुसरा खरंच असेल तर पैसे आधी येतील त्याला, एवढं सांगितलं की पुरे.

उत्तराच्या वेळेबद्दल. लगेच उत्तर हवं म्हणून अर्धवट उत्तर देण्यापेक्षा ‘आता अंधार आहे, सकाळी उजेडात बघून सांगते’ हे लगेच पाठवावं, आणि सकाळी खरंच बघावं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर तयार उत्तरं साठवता येतात, तिरकी रेघ टाइप केली की समोर येतात. पॅकिंग कसं करते, कधी पाठवते, परत घेते का, एवढ्यासाठी मी ती वापरते. वस्तूच्या अवस्थेबद्दल कधीच नाही. एकदा एका कॅमेऱ्याचं साठवलेलं वर्णन दुसऱ्याच कॅमेऱ्याच्या गिऱ्हाइकाला गेलं होतं. त्यानं शांतपणे विचारलं, ‘यात सेल्फ टायमर आहे? फोटोत दिसत नाही.’ नव्हताच.

जिथे उत्तर द्यायचं नाही

काही प्रश्न वस्तूबद्दल नसतातच. ‘तुम्ही खरे आहात का बघायला एक कोड पाठवलाय, तो सांगा.’ तो सहा आकडी कोड तुमच्याच खात्याची किल्ली असतो, सांगितला की खातं गेलं. ‘चुकून जास्त पैसे पाठवले, फरक परत करा.’ आलेले पैसे नंतर माघारी जातात आणि तुम्ही दिलेला फरक मात्र गेलेला असतो. ‘पैसे पाठवले, हा स्क्रीनशॉट.’ स्क्रीनशॉट कुणीही बनवतं, स्वतःच्या खात्यात रक्कम दिसेपर्यंत पार्सलला हात लावायचा नाही. ‘इथे नको, बाहेर बोलू या.’ बाहेर गेलं की साइटचं संरक्षणही सुटतं. माझी साधी खूण: जुन्या कॅमेऱ्याबद्दल एकही प्रश्न न विचारता पूर्ण किमतीला तयार झालेला माणूस. खरा गिऱ्हाईक सतावतो.

सतावण्यावरून आठवलं. एका ५० मिलिमीटरच्या लेन्ससाठी एकानं महिनाभर मेसेज केले. कडीचा फोटो, मागच्या काचेचा फोटो, फोकस फिरवतानाचा आवाज, अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या छिद्राच्या, पात्यांवर तेल आहे का त्याचा व्हिडिओ. मी सगळं पाठवलं. शेवटी म्हणाला, ‘सॉरी, घरचे नको म्हणतात.’ त्या रात्री मी वैतागून फोन उशीखाली टाकला. सकाळी उठून ते सगळे फोटो, व्हिडिओ आणि माझी उत्तरं तशीच लिस्टिंगमध्ये चढवली. दोन दिवसांनी दुसऱ्याच कुणाचा मेसेज आला. पैसे आधीच जमा झाले होते. त्यानं एवढंच विचारलं होतं, ‘कधी पाठवाल?’ त्याच दुपारी पाठवली.