नाशिकमध्ये दवाखान्याचा खर्च: डिपॉझिट भरण्याआधी काय काय विचारायचं

पेशंटला आत नेलं की काउंटरवरून हाक येते, 'डिपॉझिट भरा.' खिशात हात घालण्याआधी विचारा, 'इथे महात्मा फुले योजना आहे का? आरोग्यमित्र कुठे बसतात?' महात्मा फुले ही राज्य सरकारची कॅशलेस उपचारांची योजना, आणि आरोग्यमित्र म्हणजे दवाखान्यात बसणारा या योजनेचा माणूस. मदत मिळते ती उपचाराआधी किंवा उपचार चालू असताना. बिल चुकतं करून फाइल घेऊन फिरणाऱ्याच्या पदरात सहसा काही पडत नाही.

घाई नसेल तर आधी सिव्हिल, म्हणजे सरकारी जिल्हा रुग्णालय, गाठा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचारांचे पैसे लागत नाहीत. हृदय, किडनी किंवा कॅन्सरचं दुखणं असेल तर शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय आहे. रांग मोठी असते, सकाळी लवकर जा.

खासगी दवाखान्यात जायचंच असेल तर तो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे १५५३८८ या टोल फ्री नंबरवर विचारून घ्या. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार कॅशलेस होतात. पूर्वी पांढऱ्या रेशन कार्डवाल्यांना यात जागा नव्हती, २०२४ पासून आहे. मात्र दवाखाना योजनेत असला म्हणजे तुमचा उपचारही यादीत असेलच असं नाही. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत.

गाडं अडतं ते कागदांपाशी. रेशन कार्डावर 'सुमनबाई' आणि आधारवर 'सुमन', नाहीतर लग्न होऊन चार वर्षं झाली तरी सुनेचं नाव अजून माहेरच्याच कार्डावर. घरात सगळे धडधाकट असतानाच हे दुरुस्त करून ठेवा. इमर्जन्सीत दवाखाना योजनेला फोनवर कळवून उपचार सुरू करू शकतो, कागद मागून दिले तरी चालतात. 'योजना नको, स्वखर्चाने करतो' अशा मजकुराचा फॉर्म पुढे आला तर वाचल्याशिवाय सही करू नका. डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतचा फॉलोअपही पॅकेजमध्येच धरलेला असतो, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

आजी-आजोबांनी सत्तरी ओलांडली असेल तर त्यांचं आयुष्मान कार्ड, म्हणजे केंद्राच्या मोफत उपचार योजनेचं कार्ड, वेगळं काढा. आधार पुरतं, उत्पन्न कोणी विचारत नाही.

योजनेत बसत नसेल तर दवाखाना धर्मादाय ट्रस्टचा आहे का, ते बघा. अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा मोफतसाठी १ लाख ८० हजार, सवलतीसाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. 'खाटा भरल्यात' असं तोंडी उत्तर मिळालं तर लेखी मागा. पुढे धर्मादाय आयुक्तालयात तक्रार करायला तोच कागद कामी येतो.

सगळीकडून नकार आला तर मुख्यमंत्री सहायता निधी. उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत हवं. सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या कक्षात अर्ज, आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, रिपोर्ट आणि डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक द्या. दवाखाना खासगी असेल तर त्या अंदाजपत्रकावर सिव्हिल सर्जनची सही लागते. अर्जाला पैसे पडत नाहीत आणि मंजूर रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जमा होते. तेव्हा 'मी करून देतो, थोडं बघा आमचं' म्हणणारा दारात भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.