गांजा कायदेशीर व्हावा का? वस्तीत चर्चा घेणार असाल तर

हा विषय चारचौघांत काढला की पाच मिनिटांत आवाज चढतात. एक जण म्हणतो, "पोट्ट्यांचं वाटोळं करून राहिले हे लोक." दुसरा म्हणतो, "मंग दारू काहून चालते बा?" त्यानंतर कोणीच कोणाचं ऐकत नाही. मी नागपुरात कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते आणि त्रिमूर्ती नगरकडे आमच्या वस्तीच्या सभागृहात दर महिन्याला एक चर्चा घेते. गांजाचा विषय टाळू नये असं मला मनापासून वाटतं. अकरावी-बारावीची मुलं त्याबद्दल आपसात बोलतच असतात, आपण मोठी माणसंच तेवढी बोलत नाही.

माझं मत आधीच सांगते: ओढणाऱ्याला तुरुंग नको, पण कोपऱ्यावर दुकानही नको. चर्चा घेणाऱ्यानेही आपलं मत सुरुवातीलाच एका वाक्यात सांगून टाकावं आणि मग शेवटपर्यंत त्याची वकिली करू नये. मत लपवून बसलं की लोक ते तुमच्या प्रश्नांतून शोधत राहतात.

आधी प्रश्न फोडा

"गांजा कायदेशीर करावा का" हा एक प्रश्न नाही, हे फळ्यावर लिहून दाखवा. मी चार वेगळे प्रश्न लिहिते. स्वतःपुरता ओढणाऱ्याला शिक्षा व्हावी का? प्रौढ माणसाला घरी एखादं झाड लावू द्यावं का? परवाना देऊन विक्री सुरू करावी का? आणि विक्री झालीच तर ती सरकारने करावी की कंपन्यांनी?

औषधासाठीचा आणि धाग्यासाठीचा वापर पहिल्याच मिनिटाला बाजूला ठेवा. तो महत्त्वाचा आहे, पण वेगळा आहे. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यातच त्यासाठी वाट आहे. उत्तराखंडने धाग्यासाठी या झाडाच्या लागवडीची परवानगी देऊन ती वापरलीही. तो विषय मिसळला की कोणीतरी कॅन्सरच्या वेदनांचा दाखला देऊन शनिवारच्या पार्टीचं समर्थन करतं, आणि समोरचा पार्टीला विरोध करता करता रुग्णाचं औषधही नाकारतो.

लोकांना चारही प्रश्नांवर चिठ्ठीवर हो किंवा नाही लिहायला सांगा, नाव न घालता. आमच्याकडे कडक विरोधक म्हणून बोलणाऱ्या बऱ्याच काकूंनी पहिल्या प्रश्नाला "शिक्षा नको" लिहिलं होतं. मोठ्याने विचारलं असतं तर हे कधीच कळलं नसतं.

कायदा वाचून दाखवा

सभागृहातल्या बहुतेकांना कायद्यात नेमकं काय आहे ते ठाऊक नसतं, आणि दोन्ही बाजू ऐकीव गोष्टींवर भांडतात. एवढं तरी तयार ठेवा. एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून महाशिवरात्रीची भांग या केंद्रीय कायद्याबाहेर राहते आणि तिचं नियमन राज्यांकडे आहे. गांजाची एक किलोपर्यंतची मात्रा "अल्प" धरतात, वीस किलोहून जास्त "व्यापारी". अल्प मात्रा जवळ सापडली तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यापारी मात्रेला किमान दहा वर्षं. नुसतं सेवन केलं तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

कलम ६४अ मात्र आवर्जून वाचा. व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवण्यापासून त्याला संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडला तर ते काढून घेता येतं. हे कलम वाचलं तेव्हा मागच्या रांगेतली एक आई उभी राहिली. "हे आम्हाले कोणी सांगतलंच नाही. पोलिसात नाव जाईल म्हणून आम्ही दोन वर्षं पोराला दवाखान्यात नेलं नाही," एवढं बोलून ती बसली. त्यानंतर बराच वेळ कोणी वरच्या पट्टीत बोललं नाही. तुमच्या चर्चेतून दुसरं काही निघालं नाही आणि हे एक कलम चार घरांत पोचलं, तरी ती घ्यायला हवी होती असं मी म्हणेन.

इतिहास थोडाच, पण आपला

"आपल्या संस्कृतीत हे नव्हतंच" आणि "इंग्रजांनीच बंदी घातली" ही दोन्ही वाक्यं येणारच. दोन्ही चूक. इंग्रजांनी १८९३ मध्ये एक आयोग नेमला, त्याने ११९३ साक्षीदार तपासले आणि १८९४ च्या अहवालात म्हटलं की बेताच्या सेवनाने फारसं नुकसान होत नाही, अतिसेवनाने होतं, आणि पूर्ण बंदी घालणं योग्य नाही. कर आणि परवाने ठेवावेत. ज्या मध्य प्रांताची नागपूर राजधानी होती, त्याच प्रांतात खांडव्याच्या भागात परवान्याखाली गांजा पिकत असे. देशभराची बंदी आली ती स्वतंत्र भारतात, १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराला धरून केलेल्या १९८५ च्या कायद्याने.

यावर समर्थक खूश होतात. त्यांना लगेच पुढची गोष्ट सांगा: तेव्हाचा माल आणि आजचा माल सारखा नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात नशा आणणाऱ्या टीएचसीचं प्रमाण १९९५ च्या सुमारास चार टक्के होतं, २०१४ पर्यंत ते बारा टक्क्यांवर गेलं. १८९४ चा निष्कर्ष आजच्या मालाला तसाच लावता येत नाही.

परदेशाचे दाखले नेमके मागा

"कॅनडात चालते" म्हणणाऱ्याला विचारा, काय चालतं? कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांसाठी विक्री खुली केली, पण क्वेबेक प्रांतात दुकानं सरकारी आहेत आणि वयाची अट २१ आहे. उरुग्वेने २०१३ मध्ये जगात सर्वांत आधी कायदा केला. तिथे नोंदणी केलेल्या रहिवाशाला औषधाच्या दुकानातून महिन्याला चाळीस ग्रॅमपर्यंतच मिळतो. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून जवळ पंचवीस ग्रॅम बाळगायला आणि घरी तीन झाडं लावायला मुभा दिली, दुकानं मात्र उघडली नाहीत. थायलंडने २०२२ मध्ये दार सताड उघडलं आणि २०२५ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालून बरंचसं लावून घेतलं. अमेरिकेत कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये मतदानाने मान्यता दिली, तरी केंद्राच्या कायद्यात बंदी उठली नाही. या पाच वाटा समोर ठेवल्या की "हो" म्हणणाऱ्यांचं आपसातच जमेनासं होतं, आणि चर्चेत खरी मजा तिथे येते.

मग वर्धा, गडचिरोली, चंद्रपूर

सगळ्यात जास्त वेळ या तीन जिल्ह्यांतल्या दारूबंदीच्या अनुभवालाच द्या. कॅनडा कोणी पाहिलेलं नसतं. चंद्रपूर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बंदीने काय होतं आणि बंदी उठवल्याने काय होतं, याचा अनुभव विदर्भाइतका जवळून घेतलेले लोक महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच सापडतील. वर्ध्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. प्रत्येकाचा कोणी ना कोणी मामा, जावई, जुना शेजारी त्या तीन जिल्ह्यांत राहतो.

इथे लोकांना मत विचारूच नका, पाहिलेलं सांगायला लावा. आमच्याकडे वर्ध्याहून लग्न करून आलेल्या एक ताई म्हणाल्या, बाटली मिळायची, पण चोरून आणि महाग. तरी चौकात प्यालेला माणूस बरळत उभा नसायचा, म्हणून मुली संध्याकाळी शिकवणीला जायच्या. चंद्रपूरला नोकरी केलेले एक निवृत्त काका म्हणाले, बंदीच्या काळात बाटल्या पोचवायला पोरांनाच लावत, आणि ते शिकलेले काही जण मग त्याच धंद्यात राहिले. दोघंही खरंच सांगत होते. बंदी अपयशी ठरली का, हा प्रश्न त्यानंतर कोणी विचारला नाही. कोणासाठी आणि कशाच्या बदल्यात, हे लोक विचारू लागले. गडचिरोलीत बंदी टिकवण्यामागे गावोगावच्या बायकांचा रेटा आहे, नुसता सरकारी आदेश नाही, हाही मुद्दा तिथेच निघाला.

मग तेच माप गांजाला लावा. चंद्रपूरसारखा चोरटा धंदा गांजाचा आजही आहे. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही रेल्वेमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे इथल्या स्टेशनवर गांजा पकडल्याच्या बातम्या नव्या नाहीत. पकडला जातो तो बहुतेक वेळा पिशवी वाहणारा गरीब माणूस, ज्याचा माल असतो तो नव्हे. माझं "तुरुंग नको" हे मत मुख्यतः यातून आलं. आणि "दुकान नको" हे मत दारूवरून आलं: २०१९ च्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणात देशात दारू पिणारे सुमारे सोळा कोटी निघाले, भांग-गांजा-चरस मिळून ३.१ कोटी, आणि त्यातलेही २.२ कोटी भांग घेणारे. जिथे परवाना, जाहिरात आणि महसूल आहे तिथे आकडा कुठे जातो ते मला यात दिसतं. आमच्याकडचा एक वकील मुलगा यावर म्हणतो की दारूची तुलना लागू नाही, जर्मनीसारखं दुकानाशिवाय करता येतं. त्याच्या म्हणण्यात दम आहे, आणि मी त्यावर अजून विचार करते आहे.

कोणाला बोलवावं, काय टाळावं

एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात किंवा मनोरुग्णालयात काम केलेला मिळाला तर उत्तम. त्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगायची विनंती करा: ओढणाऱ्यांपैकी बहुतेकांना व्यसन लागत नाही, पण कोवळ्या वयात सुरू केलं आणि रोज ओढलं तर व्यसनाचा आणि भ्रमाच्या आजाराचा धोका वाढतो, विशेषतः घरात असा आजार आधीपासून असेल तर. एकच अर्धं सांगणारा डॉक्टर नको. मुलं अर्धवट सत्य लगेच ओळखतात आणि मग पुढचं काहीच मानत नाहीत.

"तू ओढलायस का?" हा प्रश्न कोणीही, कोणालाही विचारणार नाही, हे सुरुवातीलाच जाहीर करा. सेवन हा गुन्हा आहे आणि सभागृहातलं वाक्य रात्रीपर्यंत वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचतं. मोबाइलवर चित्रीकरण नको. "गांजेकस", "चरसी" हे शब्दही नकोत. ज्याचा भाऊ त्यात अडकला आहे तो ते ऐकून उठून जातो, आणि नेमकं त्याचंच बोलणं ऐकायचं असतं.

बोलण्याची सुरुवात पंचविशीच्या आतल्यांकडून करा. एकदा काका मंडळींनी माइक घेतला की मुलं पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसतात.

शेवटी पुन्हा तीच चार प्रश्नांची चिठ्ठी भरून घ्या आणि दोन्ही वेळचे आकडे फळ्यावर शेजारी मांडा. विक्रीच्या प्रश्नावर फरक कमी पडतो, शिक्षेच्या प्रश्नावर बराच पडतो, असा आमचा अनुभव. अठरा वर्षांखाली नको आणि उपचाराची सोय जवळ हवी, यावर सगळ्यांचं एकमत झालं तर ते लिहून, सह्या घेऊन आपल्या नगरसेवकाकडे आणि जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे द्या. व्यसनमुक्तीचा १४४४६ हा मोफत क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि सभागृह रिकामं होईपर्यंत पुसू नका. बरेच जण तो सगळे गेल्यावरच उतरवून घेतात.