प्रोसेसर निवडण्याआधी मल्टी-थ्रेडच्या तुलनेची तयारी

सुरुवात जुन्या संगणकापासूनच करायची. रोजचं सगळ्यात जड काम सुरू करा, मग तो व्हिडिओ एक्स्पोर्ट असो, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं रेंडर (दृश्याचं तयार चित्र काढणं) असो की मोठ्या प्रोजेक्टचं कंपाइल (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणं), आणि किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. काम चालू असताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमधल्या सीपीयूच्या आलेखावर उजवं क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखवायला लावा. सगळे चौकोन काठोकाठ भरलेले असतील तर जास्त कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, घेण्यात अर्थ आहे. एकूण टक्केवारीवर मात्र भिस्त ठेवू नका. 16 थ्रेडच्या, म्हणजे कामाचे 16 धागे एकाच वेळी चालवणाऱ्या प्रोसेसरवर एकच थ्रेड जीव तोडून राबत असला तरी एकूण वापर 6 टक्क्यांच्या आसपास दिसतो आणि आपल्याला वाटतं, हा तर निवांत बसलाय.

मग कागदावर एक छोटा हिशेब. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी 1967 मध्ये मांडलेला मुद्दा आजही चुकत नाही: कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही, तोच शेवटी वेग अडवतो. 90 टक्के काम वाटता येत असेल तर 8 कोअरवर ते साधारण 4.7 पट वेगाने होतं, 16 कोअरवर 6.4 पट. म्हणजे कोअर दुप्पट केले, पण वेग दीडपटही झाला नाही. कोअर कितीही वाढवले तरी 10 पटीच्या पुढे मजल जात नाही. रेंडरिंग जवळजवळ पूर्णच वाटलं जातं, म्हणून तुलनेच्या तक्त्यांत ते इतकं मिरवतं. तुमचं काम तसं आहे का, हे त्या भरलेल्या किंवा रिकाम्या चौकोनांनी आधीच सांगितलेलं असतं.

थ्रेड मोजून निवड करणार असाल तर जरा थांबा. इंटेलचा कोअर आय9-13900के आणि एएमडीचा रायझन 9 7950एक्स, दोघांचेही थ्रेड 32. पण पहिल्यात 8 मोठे आणि 16 छोटे कोअर आहेत, दुसऱ्यात 16 एकसारखे. पुढे 2024 मध्ये इंटेलने कोअर अल्ट्रा 9 285के आणला, त्यात हायपर-थ्रेडिंगच (एका कोअरवर दोन थ्रेड चालवायची सोय) काढून टाकलं: 24 कोअर, 24 थ्रेड. तरी रेंडरिंगमध्ये तो 32 थ्रेडच्या आय9 च्या मागे पडला नाही.

तक्त्यांतून वेगाच्या चाचण्यांचे गुण उतरवून घेताना चाचणीची आवृत्तीही सोबत लिहा. सिनेबेंच या रेंडरिंगच्या चाचणीच्या आर20, आर23 आणि 2024 या आवृत्त्यांचे गुण एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. मी एकदा आर20 आणि आर23 चे आकडे शेजारीशेजारी मांडून अर्धी संध्याकाळ उगाच चकित होत बसलो होतो. गीकबेंच 6 या दुसऱ्या चाचणीत सगळे कोअर मिळून एकच काम करतात, त्यामुळे कोअर वाढले तरी गुण त्या प्रमाणात वाढत नाहीत. हा दोष समजू नका. रोजच्या वापराला तेच जास्त जवळचं आहे.

चाचणी किती वेळ चालली आणि किती वॅटवर, हेही तपासा. थंड प्रोसेसर पहिलं मिनिटभर उधळतो, खरा वेग तापल्यावर कळतो. आर23 मध्ये 10 मिनिटांची फेरी त्यासाठीच आहे. 13900के ची कमाल टर्बो (वेग वाढवून चालतानाची) मर्यादा 253 वॅट. 7950एक्सवर 170 वॅट लिहिलेलं असलं तरी सॉकेटमधून तो 230 वॅटपर्यंत घेतो. तक्त्यातला गुण मोठ्या लिक्विड कूलरवर मिळवलेला असेल आणि तुम्ही लहान कॅबिनेटमध्ये साधा कूलर बसवणार असाल, तर तो गुण तुमचा नव्हे.

रॅम विसरायची नाही. 32 थ्रेडवर सी प्लस प्लस या भाषेतला मोठा प्रोजेक्ट कंपाइल करताना प्रत्येक थ्रेडला 2 जीबी लागली तरी 64 जीबी झाली. ती घेताना दोनच स्टिक घ्या: 7950एक्सवर दोन स्टिकना अधिकृत वेग 5200 एमटी/एस (सेकंदाला इतके दशलक्ष वेळा डेटाची ने-आण) आहे, चार लावल्या की 3600.

शेवटी असा तक्ता शोधा, ज्यात तुमचा जुना प्रोसेसर आणि नवा, दोन्ही तुमच्याच प्रकारच्या कामात मोजलेले असतील. नवा किती पट वेगवान ते काढा आणि सुरुवातीला लिहिलेल्या मिनिटांना त्याने भागा.